चुलीच्या धुराचा खर्च कोणत्या वहीत?

कापसाचा उत्पादनखर्च आपल्या माणसांना तोंडपाठ आहे. बियाण्याची थैली, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडे, हमाली, तोलाई. चिखलीच्या किंवा मलकापूरच्या शेतकऱ्याला रात्री दोन वाजता उठवून विचारले तरी तो क्विंटलचा हिशेब मांडून दाखवील. हा हिशेब माघ-फाल्गुनात संपतो. वेचणी आटोपली, चिमट्याने पऱ्हाटी उपटली, बैलगाडीत भरून घराशी आणून रचली, की वही मिटली. पऱ्हाटी फुकटची. तिला भाव नाही. ती मोडून, फुंकून जाळण्यात बाईचा जो वेळ जातो त्यालाही भाव नाही. आणि ती जळताना निघणारा धूर कोणाच्या छातीत जाऊन बसतो, हे तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

या वेळी आम्ही त्याच रकान्याविषयी लिहीत आहोत. काही कार्यकर्ते म्हणतील, भावाचा प्रश्न टाकून हे चुलीचे काय काढले? भावाचा प्रश्न टाकलेला नाही. वाचत गेलात तर दिसेल की चुलीपाशी जाऊनही आपण तिथेच येतो.

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीचे धुके येते, चंद्रपूरच्या वीज केंद्राची चिमणी येते. आपल्याकडे ना कारखाने ना गाड्यांची गर्दी, तेव्हा खेड्याची हवा स्वच्छ, असे आपणच पाहुण्यांना सांगतो. ओसरीवर बसलेल्या पुरुषाची हवा असेलही स्वच्छ. भिंतीपलीकडे, टिनाच्या छपराखाली, तव्यापुढे बसलेल्या बाईची हवा वेगळी आहे. एकाच घरात दोन हवा आहेत.

ही गोष्ट पहिल्यांदा डॉक्टरांच्या लक्षात आली त्याला साठ वर्षे उलटून गेली. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली फुफ्फुसाच्या आजारातून हृदय निकामी झालेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशात हा आजार मुख्यतः विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांचा. इथे मात्र जवळजवळ पुरुषांइतक्याच बायका निघाल्या, आणि त्या बहुतेक विडी न ओढणाऱ्या. मग छातीत धूर गेला कुठून? शेणाच्या गोवऱ्या आणि लाकूड जाळणाऱ्या चुलीतून, असे त्यांनी तेव्हाच लिहिले. पण धूर मोजलेला नव्हता. तो मोजला गेला गुजरातेत. कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेचे शास्त्रज्ञ यांनी चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रे बांधली. १९८३ साली आकडे छापून आले. स्वयंपाकाच्या वेळेत बाईच्या नाकासमोरच्या दर घनमीटर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७००० मायक्रोग्रॅम धूळधूर. पुढे १९९४ साली सरकारने राहत्या वस्तीसाठी दिवसभराची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम ठरवली. ही तुलना काट्यावर तोलून बरोबर नाही, कारण एक आकडा चुलीपुढच्या वेळेचा आणि दुसरा चोवीस तासांच्या सरासरीचा. पण ३५ पटींचा फरक अशा सबबीने पुसला जात नाही.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सगळ्या जगाचा आढावा घेतला. दमा वाटणारा पण दम्यासारखा उतरत नाही असा जो फुफ्फुसाचा आजार आहे, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्याचे एक चतुर्थांश ते जवळजवळ निम्मे रुग्ण जन्मात कधी विडी-सिगारेट न ओढलेले आहेत. जगात सिगारेट ओढणारे सुमारे १०० कोटी, चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. म्हणून या आजाराचे जगातले सर्वांत मोठे कारण तंबाखू नसून चूल असू शकेल, असे त्यांनी मांडले. भारतापुरते बोलायचे तर २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि त्यांतले सुमारे ६ लाख १० हजार घरातल्या धुरामुळे, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. हा अंदाजच आहे. दाखल्यावर मरणाचे कारण 'चूल' असे कोणी लिहीत नाही.

मोताळा तालुक्यातल्या एका घरी आम्ही जेवायला होतो. भाकरी वाढणारी बाई पन्नाशीच्या आतली, पण चुलीपासून ओसरीपर्यंत येताना दोनदा थांबली. विचारले तर म्हणाली, "टीबी हाय म्हंतात." एका दवाखान्यात तिला दोनदा क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. तिसऱ्या ठिकाणी नळीत फुंकर मारायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजली, तेव्हा आजार कळला. ती फुंकर मोजण्याची चाचणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. बाईचे नवरे कापसाच्या भावाबद्दल आमच्याशी तासभर बोलले. तिच्या खोकल्याबद्दल आम्हीही जेवण होईपर्यंत काही विचारले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

धुरातला घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना झोंबतो तो वेगळा. खरा शत्रू म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम तिसावा भाग. नाकातल्या केसांना तो अडत नाही, खोकल्याने निघत नाही, थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो आणि तिथून रक्तात. जोडीला कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे ज्या वायूने बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत तो. चुलीपुढे तो कमी प्रमाणात पण रोज मिळतो. याचा परिणाम छातीपुरता राहत नाही. मोतीबिंदू लवकर येतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि पाच वर्षांखालच्या लेकरांना निमोनिया होण्याची शक्यता वाढते. लेकरू आईजवळ असते आणि आई चुलीजवळ.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: आमच्या आजीने ऐंशी वर्षे चूल फुंकली, तिला काही झाले नाही. ज्या आज्या चाळिशीत धाप लागून गेल्या त्या हे सांगायला बैठकीत येत नाहीत, हे एक. दुसरे म्हणजे आजीचे घर धाब्याचे होते. चुलीच्या डोक्यावर छतात सवणे होते, चौकोनी भोक. पावसात त्यावर झाकण ठेवायचे. धूर वर निघून जाई. धाबे गळायला लागले म्हणून आपण टिन टाकले, घरकुलात सिमेंटचा स्लॅब टाकला, आणि सवणे गेले. बांधणाराने खिडकी ठेवली तीही चोराच्या भीतीने हातभर, आणि तिच्यात कापडाचा बोळा. शिवाय आजीच्या चुलीत बाभळीचे वाळलेले लाकूड होते. आता बांधावर बाभूळ राहिली नाही. चुलीत पऱ्हाटी, तुराटी, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलसर धसकटे, आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी. चूल तीच दिसते, पण धूर तो राहिलेला नाही.

दुसरा आक्षेप: धुराने डास पळतात. पळतात. त्याच कारणाने डासांची कॉइल लावली जाते, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार एक कॉइल पूर्ण जळली तर त्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात. मच्छरदाणीतून काहीच निघत नाही.

तिसरा आक्षेप आम्हाला जास्त खरा वाटतो. ज्वारीची भाकरी गॅसवर जमत नाही. तवा मोठा लागतो, आच पसरट लागते, आणि पापुद्रा सुटला की ती आरावर उभी करून फुगवावी लागते. ज्यांनी हे शहरात बसून ठरवले त्यांना पोळी माहीत होती. भाकरी सकाळ-संध्याकाळ, त्यात आंघोळीचे पाणी, म्हशीचे आंबोण, हे सगळे सिलिंडरवर कोण करील?

हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न आपल्या विदर्भातच सुरू झाले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी चाळीसच्या दशकात धुराडे असलेली मगन चूल तयार केली. १९८३-८४ पासून केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, तो २००२ च्या सुमारास बंद झाला. जुन्या कार्यकर्त्यांना त्या चुली आठवत असतील. उद्दिष्ट चुलींच्या संख्येचे होते, म्हणून संख्या पूर्ण झाली. वर्षभरात धुराडे काजळीने बुजले, चुलीचे तोंड फुटले, बाईने ती पाडून पुन्हा स्वतःची घातली. ओडिशात अशाच चुलींचा चार वर्षे पाठपुरावा करून अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली निष्कर्ष काढला: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फायदा उरला नाही, कारण दुरुस्ती कोणी केली नाही. यावरून धुराडे निरुपयोगी असे मात्र ठरत नाही. चीनच्या युनान प्रांतात शुआनवेई इथे घरात दगडी कोळसा जळे आणि बायकांना फुफ्फुसाचा कर्करोग फार होई. ज्या घरांनी चुलीला धुराडे बसवले आणि टिकवले तिथे तो जवळजवळ निम्म्यावर आला, असे २००२ साली दिसले.

मग आली उज्ज्वला. १ मे २०१६ रोजी बलिया इथे सुरुवात झाली आणि आपल्या गावांतही शेगडी आणि लाल सिलिंडर पोचले. ही चांगली गोष्ट झाली, कोणी केली म्हणून ती वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण जोडणी वेगळी आणि भरणी वेगळी. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर महिना-सव्वा महिन्याला एक सिलिंडर लागतो. उज्ज्वलाच्या घरांनी २०१९-२० मध्ये वर्षभरात सरासरी तीन भरून आणले आणि २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आत. ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आले, २०२४ साली राज्य सरकारने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. तरीही आपल्या घरांत सिलिंडर चहापुरता, पाहुण्यापुरता, पावसाच्या दिवसापुरता. पैसे आधी मोजायचे, अनुदान मागून खात्यात. दिवाळी ते होळी कापसाचा पैसा घरात असतो तेव्हा सिलिंडर भरतो. पोळा-गणपतीच्या दिवसांत उधारी चालू असते तेव्हा तो कोपऱ्यात रिकामा असतो, आणि नेमके त्याच दिवसांत पऱ्हाटी ओली असते, दारे-खिडक्या बंद असतात. वर्षाचा सर्वांत वाईट धूर आणि वर्षाची सर्वांत मोठी टंचाई एकत्र येतात. याला 'बायकांमध्ये जागृती नाही' असे म्हणणाऱ्याने एकदा भाद्रपदात यावे.

अर्धा गॅस, अर्धी चूल, याने अर्धी तरी तब्येत सुधारेल का? इथे संशोधन आपल्याला हवे तसे बोलत नाही, आणि तेही सांगितले पाहिजे. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३२०० गर्भवती बायकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना दीड वर्ष गॅस मोफत, अगदी घरपोच. त्यांच्या वाट्याचा धूर एक तृतीयांशावर आला. तरी २०२२ साली निकाल लागला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात मोजण्याजोगा फरक नव्हता आणि २०२४ च्या निकालात बाळांच्या गंभीर निमोनियातही नव्हता. ग्वाटेमालातल्याच आधीच्या, २०११ च्या धुराड्याच्या प्रयोगात गंभीर निमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला होता. दोन्ही खरे आहेत. याचा आम्ही लावलेला अर्थ असा: वर्षानुवर्षे घेतलेला धूर काही महिन्यांच्या गॅसने उतरत नाही, आणि शेजारच्या दहा घरांतून धूर निघत असेल तर आपल्या एका घरातली शेगडी पुरत नाही. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसांसाठी मात्र आशा आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात गोबरगॅस आणि स्वयंपाकघरातली खेळती हवा यांचा नऊ वर्षे पाठपुरावा झाला. २०१४ साली दिसले की ज्यांनी दोन्ही केले त्यांच्या फुफ्फुसांची झीज मंदावली. नऊ वर्षे, हा आकडा लक्षात ठेवा. गोबरगॅस आपल्याकडेही आला होता. जनावरे कमी झाली, उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नाही तर टाकीत कालवायला कुठून, म्हणून बरीच संयंत्रे कोरडी पडली. ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आणि विहिरीला पाणी आहे त्यांनी पुन्हा विचार करावा.

आता पऱ्हाटीकडे परत येऊ. ती घराशी रचू नका असे कृषी विभाग दुसऱ्याच कारणाने सांगतो: तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ साली त्या अळीने काय केले ते आपण भोगले. म्हणजे घराशी रचलेली गंजी घरातल्या बाईची छाती खाते आणि शेतातले बोंडही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि जळणाच्या कांड्या बनवण्याचे तंत्र तयार केले आहे. तेव्हा पऱ्हाटी फुकटची नाही, तिला विकत घेणारा आपल्या तालुक्यात नाही एवढेच. हेक्टरी दोन-तीन टन हा माल आहे. तो भावाने उचलला गेला तर त्याच पैशात पावसाळ्याचे सिलिंडर येतात. कांड्यांचा कारखाना आला आणि पऱ्हाटी मातीमोल नेली, तर मात्र बाईची चूलही गेली आणि गॅसही आला नाही असे होईल. म्हणून भाव आधी ठरला पाहिजे.

याच घरात आणखी एक गोष्ट राहते, खुद्द कापूस. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव चढतील या आशेने कापूस खोल्या-खोल्यांत छतापर्यंत भरलेला होता आणि घरोघरी अंगाला खाज सुटली होती. सूतगिरण्या आणि जिनिंगच्या कामगारांना कापसाच्या कचऱ्याने छाती आवळण्याचा आजार होतो, हे जुने आहे. आपण त्याच धुळीत झोपतो. कापूस भरलेल्या खोलीत लेकरे आणि म्हातारी माणसे निजवू नयेत. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या तर झोपायच्या घरात कधीच नकोत; त्यांचा वायू रात्रीतून जीव घेतो.

भाव मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. आंघोळीचे पाणी आणि आंबोण यांची चूल अंगणात न्या. घरातला बराच धूर तेवढ्याने जातो आणि खर्च चार विटांचा. भाकरीची चूल आत असेल तर तिला धुराडे, छपराच्या वर दोन हात, आणि महिन्याला एकदा काजळी काढण्याचे काम पुरुषाचे. सवणे पुन्हा ठेवा. टिनालाही ठेवता येते. जळण वर्षभर कोरडे राहील असा आडोसा करा. डाळ-भात कुकरमध्ये करून गॅस वाचवा आणि तो वाचलेला गॅस पावसाळ्यासाठी ठेवा. तान्हे लेकरू चुलीपाशी नको, ते आजोबांनी घ्यावे. ताप-खोकला असेल तर त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०, एवढे भरले तर त्याच दिवशी दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या माणसांना आणि सुइणींना निमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले, आणि त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी झाले. ते १९९० साली जगाने छापले. आपल्यालाही मोजता येते.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखो शेतकरी बायका जमल्या तेव्हा बाईच्या कामाचे मोल काय, हा प्रश्न निघाला होता. त्यानंतरही आपल्या बैठका होतात, आणि पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक मागच्या खोलीत बंद दाराआड होतो. आम्ही त्या जेवणाला उठलो आहोत, दाद दिली आहे, आणि आत डोकावलेलो नाही. पुढच्या जिल्हा बैठकीचा स्वयंपाक उघड्या मांडवात होईल आणि बायका पहिल्या सत्राला बाहेर बसतील, असे ठरवले आहे.

त्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात घरे किती, गॅसजोडण्या किती, गेल्या आषाढ ते आश्विन या चार महिन्यांत किती घरांनी सिलिंडर भरला, अनुदान खात्यात यायला किती दिवस लागले, आणि सहा महिन्यांहून जास्त खोकला असलेल्या बाया किती. शेवटचा आकडा बायकांना विचारून लिहावा, नवऱ्यांना नव्हे. जिल्हा रुग्णालयात फुंकरीची चाचणी कोणत्या वारी होते याची चौकशी आम्ही करून ठेवतो.